थोटकांचा पारखी

कारखान्यात त्याला तोंडावर 'मिस्त्री' म्हणत आणि पाठ वळली की 'टेंभा'. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला माणसं कळत होती. कारण हा गृहस्थ सकाळी फाटकातून आत शिरायचा तोच टेंभा मिरवत. मान ताठ, काखेत जेवणाचा डबा, आणि नजर अशी, की समोरचे सगळे कालच रांगायला लागलेत आणि उभं कसं राहायचं हे आता यालाच दाखवावं लागणार.

वेल्डिंगमध्ये त्याचा हात चांगला होता, हे कबूल करायलाच हवं. त्याने जोडलेल्या टाकीचा सांधा असा उतरायचा, की त्यावरून बोट फिरवावंसं वाटे. पण हात चांगला म्हणून माणूस चांगला, असा काही नियम नाही. टेंभ्याने तुच्छतेचा जोडधंदा मांडला होता, आणि खरं सांगायचं तर त्यातच त्याला जास्त बरकत होती. मालकाला तो 'पत्र्याचा व्यापारी' म्हणायचा. शेजारच्या मशीनवरच्या चष्मेवाल्याला 'शिंपी', कारण म्हणे हा जोडत नाही, धावदोरा घालतो. आणि त्याच शेडमध्ये काम करणाऱ्या आपल्या सख्ख्या धाकट्या भावाबद्दल तो सगळ्यांसमोर सांगायचा, "याच्या टाकीतून पाणी गळत नाही, तो पाण्याचा चांगुलपणा."

धाकटा हसायचा. त्याला सवय झाली होती. या कामाला त्याला दादानेच लावलं होतं, रॉड धरायचा होल्डर हातात दादानेच दिला होता, आणि हे उपकार विसरायला दादाने त्याला कधी सवडच दिली नव्हती. मागे एकदा शिडीवरून पडून धाकट्याचा उजवा खांदा निखळला. बसवला, पण पहिल्यासारखा बसला नाही. हात डोक्याच्या वर गेला की थरथरायला लागायचा. यावर टेंभ्याचं म्हणणं होतं, की पडायचंच होतं तर डावीकडे पडायचं, एवढीही अक्कल नको?

घरात टेंभ्याच्या पलंगाखाली एक पत्र्याचा डबा होता. दूध पावडरीचा, झाकण घट्ट बसणारा. त्यात काय, तर थोटकं. वेल्डिंगचा रॉड जळत जळत संपतो आणि शेवटी होल्डरच्या पकडीत जो तुकडा उरतो, तो. जगभरातले वेल्डर तो फेकून देतात. टेंभ्याने मात्र गावाबाहेरच्या टेकडीवर जी मोठी पाण्याची टाकी दिसते, तिच्यावर तरुणपणी काम केलं होतं, आणि त्या कामाची थोटकं डब्यात भरून ठेवली होती. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी डबा बाहेर यायचा.

"हे बघा. अर्ध्या अंगठ्याएवढं. दुसरा कुणी असता तर बोटभर रॉड फुकट घालवला असता. आणि हा मानेशी बाक बघा. प्रत्येकाला तोच, तेवढाच. मशीनने काढल्यासारखा."

पाहुणा "वा" म्हणायचा, कारण चहा अजून यायचा असायचा. बायको आतून शिलाई मशीन जरा जोरात चालवायची. ती दप्तरं शिवायची, आणि त्या डब्याबद्दल तिचं मत एका वाक्यात होतं: "लोकांच्या पलंगाखाली निदान चपला तरी असतात."

हे सगळं असंच चाललं असतं. पण मालकाने मुलीचं लग्न केलं आणि जावई घरात आला, तो थेट कारखान्यातच येऊन बसला. हा जावई शिकलेला होता. काय शिकला होता ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. त्याने शेडच्या कोपऱ्यात खुर्ची टाकली आणि बरेच दिवस नुसता बघत राहिला. त्याला दिसलं ते असं, की वेल्डर दिवसभर वेल्डिंग करतच नाहीत. पत्रा सरळ करतात, माप जुळवतात, टाके मारतात, घासतात, क्रेनची वाट बघतात, सांधा निवेपर्यंत थांबतात, पाणी पितात. ठिणगी उडते ती मधूनमधून. आणि पगार मात्र नऊच्या भोंग्यापासून पाचच्या भोंग्यापर्यंत सगळ्याचा.

"आपण वेळ विकत घेतो, म्हणून आपल्याला वेळच मिळतो," जावई सासऱ्याला म्हणाला. "आपल्याला जोड हवाय. जळलेल्या रॉडचे पैसे द्या."

मालकाला 'पैसे द्या' एवढं सोडून सगळं आवडलं. दुसऱ्या आठवड्यापासून भोंगा बंद झाला. प्रत्येक वेल्डरच्या टेबलाला एक डबा बांधला. रॉड जाळा, थोटूक डब्यात टाका, संध्याकाळी थोटकं मोजायची, पंधरवड्याला त्यावर पगार. मधली घासाघीस, जुळवाजुळव, वाट बघणं, सगळं फुकट. जावयाने ही बातमी अशी सांगितली, जसा काही बक्षीस वाटतोय. "आता तुम्हाला वेळेचं बंधन नाही. हवं तेव्हा या, हवं तेव्हा जा."

तास काढून टाकले की दिवस किती लांबतो ते मग त्यांना कळलं. पाचला हात धुणारी माणसं दिवे लागले तरी वेल्डिंगची काच तोंडावर ओढून बसू लागली. जेवणाची सुट्टी कुणी घेईना. आणि अर्थातच लबाड्या सुरू झाल्या. कुणी भंगाराच्या तुकड्यावर उगाच रॉड जाळायचा, कुणी अर्धाच जाळून डब्यात टाकायचा. चोराला चोरीची वाट दाखवून वर त्यालाच चोर म्हणायचं, हा जगाचा जुना शिरस्ता आहे. जावई म्हणाला, "माणसं प्रामाणिक नाहीत."

टेंभा या सगळ्यावर भडकला होता. त्याचं भडकणं अगदी रास्त होतं. तो एकेक रॉड शेवटपर्यंत जाळायचा, सांधा निवू द्यायचा, घासून बघायचा. त्याची थोटकं सगळ्यांत छोटी आणि सगळ्यांत कमी. एके दुपारी तो काच डोक्यावर सरकवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आठ तास काम, आठ तासांचा पगार, नाहीतर बघून घेतो" असं म्हणत ऑफिसच्या काचेआड गेला. मागे शेडभर मशीनं थांबली. कधी नव्हे ते लोकांना टेंभ्याचा अभिमान वाटला. धाकट्याला तर भरून आलं.

आत काय झालं ते इतकंच. जावयाने त्याला बसायला सांगितलं, 'मिस्त्री, तुमच्यासारखा पारखी दुसरा नाही' असं म्हटलं, आणि थोटकं तपासायच्या कामावर नेमलं. पगार तासावर. नऊ ते पाच. भांडायला गेला होता, खुर्ची घेऊन बाहेर आला.

असली माणसं विकत घ्यायला पैसे लागत नाहीत, हेच त्यांच्याबद्दल सगळ्यात चीड आणणारं असतं.

त्या दिवसापासून सगळ्या शेडमध्ये पाचला हात धुणारा तो एकटा. हात धुवायचाही सगळ्यांसमोर, नळ पूर्ण सोडून. आपला अंगठा हेच त्याने माप ठरवलं. त्याहून लांब थोटूक बाद. वर त्याने जावयाला स्वतःहून सुचवलं, की जो बाहेरची थोटकं आणून डब्यात मिसळेल त्याला त्याच दिवशी घरी पाठवा, पंधरवड्याचा पगार न देता. "हात दाखवला की मला माणूस कळतो," तो म्हणायचा. "थोटूक बघून सांगतो कुणाचं. शिंपी होल्डर तिरका धरतो. नवा जो आहे तो रॉड चिकटवतो आणि मग ओढतो. माझ्यापासून काही लपत नाही."

तपासायच्या पहिल्याच आठवड्यात धाकटा हळूच त्याच्या टेबलाशी आला होता. छताच्या बाजूचे सांधे त्याच्या वाट्याला आले होते, हात वर धरवत नव्हता, आणि रॉड शेवटपर्यंत जाळणं जमत नव्हतं.

"दादा, जराशीच लांब आहेत. घे ना मोजून."

"अंगठा म्हणजे अंगठा."

"घरी काही पुरत नाही रे. रोज अंधार पडेपर्यंत बसतो, तरी डबा भरत नाही. खांदा रात्रभर ठणकतो."

"मग उद्या म्हणशील, कोपरभर चालवून घे." टेंभ्याने मूठभर थोटकं बाजूला भंगारात टाकली, आणि आवाज चढवून म्हणाला, "भाऊ म्हणून कुणाला सूट नाही इथे!" हे धाकट्यासाठी नव्हतं, बाकीच्यांसाठी होतं. धाकटा हसला आणि परत जाऊन बसला.

पुढे त्याचा डबा भरायला लागला. टेंभ्याला वाटलं, आपली शिस्त. डबे तो आता उघडूनही धड बघत नव्हता. वरवर हात फिरवायचा, एखादं लांब दिसलं की भिरकावायचा, बाकीची भराभर मोजून पोत्यात टाकायचा आणि पाचला निघून जायचा. उरलेल्यांचे डबे सकाळी. पारखी म्हणवणाऱ्याने पारख करायची असते, हे तो विसरला होता. त्याला पारखी म्हणवून घेण्यातच दिवस पुरत नव्हता.

महिनाअखेरीला जावयाने हिशोब ताडून पाहिला. गोदामातून जितके रॉड बाहेर गेले, त्याहून जास्त थोटकं परत आली होती. रॉडला काही पिल्लं होत नाहीत.

जावई दुपारी शेडमध्ये आला, सगळी मशीनं बंद करवली आणि डबे एका लांब टेबलावर आणून ठेवायला सांगितले. मालकही आला, हात पाठीमागे बांधून. "मिस्त्री," जावई म्हणाला, "तुम्ही म्हणता थोटूक बघून माणूस सांगतो. आता सांगा. कुणाच्या डब्यात परका माल आहे?"

टेंभ्याच्या आयुष्यात यापेक्षा मोठा दिवस उगवला नव्हता. त्याने बाह्या सरसावल्या. चष्मेवाल्याचा डबा टेबलावर ओतला, एक थोटूक उचलून उजेडात धरलं. "हे शिंपीदादांचं काम. पकडीची खूण बघा, तिरपी. सगळी यांचीच. वाईट आहेत, पण यांचीच." दोघं-चौघं हसले. नव्याचा डबा ओतला. "हा रॉडशी कुस्ती खेळतो. सगळी पिळवटलेली. याचीच." असे डबे एकामागून एक उपडे होत गेले, आणि प्रत्येकावर एकेक शेरा.  ज्या वेळात या माणसांची थोटकं पडली असती, तो सगळा वेळ ती फुकट उभी होती, याचा टेंभ्याला विचारही शिवला नाही.

शेवटी धाकट्याचा डबा राहिला. टेंभ्याने तो उचलला तेव्हा त्याचं लक्ष धाकट्याकडे नव्हतं, नाहीतर त्याला तिथेच कळलं असतं. डबा उपडा झाला. वर धाकट्याची थोटकं, थरथरत्या हाताची, शेवटाला वेडीवाकडी जळलेली. आणि त्यांच्याखालून घरंगळत आली ती दुसरी. अर्ध्या अंगठ्याएवढी. मानेशी बाक, प्रत्येकाला तोच, तेवढाच. गंज काढायला तारेच्या ब्रशने घासलेली. तो ब्रशही टेंभ्याच्या घरचाच असणार.

त्याने एक उचललं. परत ठेवलं. दुसरं उचललं.

धाकटा खाली मान घालून उभा होता. त्याचा चांगला हात वाईट खांद्यावर होता. टेंभ्याला सगळं दिसलं, अगदी पलंगाखालचा रिकामा डबासुद्धा.

"काय मिस्त्री?" जावई जवळ आला. "ही दोन तऱ्हेची दिसतात."

टेंभ्याने नुसतं 'त्याचीच आहेत' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. त्याच्या शब्दावर कोण शंका घेणार होतं? खांदा दुखतो, हात कधी असा चालतो कधी तसा, असं काहीही खपलं असतं. तो तोंड उघडतच होता. तेवढ्यात जावयाने त्या छोट्यांपैकी एक उचललं, नाकाशी नेऊन बघितलं आणि आपली विद्वत्ता पाजळली.

"हे फारच जळलंय. इतकं जाळलं तर होल्डर खराब होतो. कुणातरी कच्च्या हाताचं काम. शिकाऊ असेल. हो ना?"

आता तर आयतीच वाट झाली होती. 'हो, कच्चाच हात आहे माझ्या भावाचा,' एवढं म्हणायचं. आयुष्यभर तो हेच म्हणत आला होता. त्या दिवशी ते एकदाच उपयोगाचं होतं.

"कच्चा हात?" टेंभा म्हणाला. "तुमच्या सात पिढ्यांत असा हात कुणी पाहिला नसेल! टेकडीवरच्या टाकीचं पाणी पिता ना? ती या हाताने जोडलीय. ही थोटकं माझी आहेत!"

 मग मालकाने पाठीमागचे हात सोडले.

"तुझी?" मालक म्हणाला. "मग भावाच्या डब्यात कशी आली?"

आता मात्र टेंभ्याला आपण काय करून बसलो ते समजलं. खरं सांगायचं तर सांगावं लागणार होतं, की पारखीच्या स्वतःच्या पलंगाखालून, त्याच्या नाकाखालून डबा रिकामा झाला, आणि रोज ती थोटकं याच्याच हातून मोजली गेली तरी याला पत्ता नाही. चष्मेवाला समोरच उभा होता. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊन थांबलं होतं. चोर म्हणवून घ्यावं, पण मूर्ख म्हणवून घेऊ नये, असा हिशोब टेंभ्याने एका क्षणात केला.

"मीच टाकत होतो," तो म्हणाला. "त्याला काही ठाऊक नाही. काय करायचं ते करा."

धाकट्याने मान वर केली.

टेंभ्याला हाकलूनच द्यायचं होतं. जावयाने तसं सांगितलंही, वर त्याच्याच नियमाची आठवण करून दिली. पण मोठ्या टाकीची ऑर्डर अर्ध्यावर होती आणि तिचे सांधे दाबाखाली तपासले जाणार होते, म्हणून मालकाने हिशोबीपणा केला. खुर्ची गेली, पंधरवड्याचा पगार गेला, आणि उद्यापासून बाकीच्यांसारखंच, थोटकावर. पारखी म्हणून चष्मेवाल्याला नेमलं. धाकट्याला कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी धाकटा आपल्या बायकोला घेऊन टेंभ्याच्या घरी आला. बसला, उठला, परत बसला. "दादा," तो म्हणाला, "मला वाटलं होतं तू मला सगळ्यांसमोर सोलून काढशील. वहिनीने डब्यातली थोटकं पुढे केली तेव्हा मी नको म्हणत होतो, ती म्हणाली, ने, त्यांना कळणारसुद्धा नाही. आणि तू... माझ्यासाठी तू खुर्ची सोडलीस, पगार सोडलास. मी इतकी वर्षं तुला ओळखलंच नाही." आणि तो रडायला लागला. चांगला बाप्या माणूस, दोन लेकरांचा बाप, गुडघ्यांवर हात ठेवून रडत होता.

आता बोलायचं होतं ते टेंभ्याने. 'तुझ्यासाठी नाही केलं' हे एवढंच वाक्य होतं. तो चहाच्या कपाकडे बघत बसला. "चहा घे," तो म्हणाला. "निवतोय."

ते दोघं गेल्यावर टेंभ्याच्या बायकोने कप उचलले. "भावासाठी बोललात?"

तो वाकून पलंगाखाली बघायला लागला.

"मला नका सांगू. जावयाने तुमच्या हाताला नावं ठेवली म्हणून तोंड उघडलंत, आणि घरच्या घरी फसलात हे कळू नये म्हणून परत मिटलंत. मी काय आज ओळखते तुम्हाला?"

"मग त्याच्यासमोर का नाही बोललीस?"

"जन्मात पहिल्यांदा कुणाला तुमच्याबद्दल चांगलं वाटलंय. मी कशाला मोडू?" ती मोरीकडे वळली. "डबा मात्र धुऊन ठेवलाय. त्यात आता साखर ठेवणार आहे."

दुसऱ्या दिवशी टेंभा आपल्या जुन्या मशीनवर बसला. रॉड शेवटपर्यंत जाळला, सांधा निवू दिला, घासला. पाच वाजले तेव्हा त्याने सवयीने भोंग्याची वाट बघितली. बाकीचे काच ओढून बसलेलेच होते. त्याचा डबा निम्माही भरला नव्हता. तिसऱ्या दिवशीही नाही. धाकटा जाता-येता त्याच्याकडे अशा मायेने बघायचा, की त्याला ते शिव्यांपेक्षा जड जायचं. एकदा धाकट्याने आपल्या डब्यातली मूठभर थोटकं गुपचूप त्याच्या डब्यात टाकली. टेंभ्याने पाहिलं. पाहिलं नाही असं केलं.

आठवड्याभराने त्याचा डबा भरायला लागला. शेवटचा अर्धा अंगठा रॉड जपून जाळत बसायला जो वेळ लागतो, तेवढ्यात दुसरा रॉड अर्धा जळून होतो, आणि मोजताना लहान-मोठ्या थोटकाची किंमत एकच. हे गणित त्याच्याच हाताखाली शेडमधल्या प्रत्येकाने कधीच केलं होतं. त्याला ते आता जमलं. बाक द्यायलाही वेळ जातो, म्हणून तोही गेला.

दिवे लागल्यावर चष्मेवाला त्याच्या टेबलाशी आला, डबा उपडा केला आणि थोटकं चाळायला लागला. एक उचलून त्याने अंगठ्याला लावून पाहिलं, बरोबर अंगठ्याएवढं. मग दिव्याखाली धरून उलटसुलट केलं.

"मिस्त्री, ही तुमचीच ना?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. "ओळखू येत नाहीत म्हणून विचारतो."

टेंभ्याने काच तोंडावर ओढली आणि नवा रॉड होल्डरमध्ये धरला.

"मोज," तो म्हणाला.